काळजीची उसनी भाषा

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा 'माझा प्रवास' आपण सहसा अठराशे सत्तावन्नचा साक्षीदार म्हणून वाचतो. वर्गात शिकवतानाही झाशीचा वेढा आला की मुले सावरून बसतात. मला मात्र अलीकडे त्या पुस्तकाचा आरंभ पुन्हापुन्हा आठवतो. वरसई हे आमच्याच रायगड जिल्ह्यातले, पेण तालुक्यातले गाव. घरात कर्ज, आणि तिकडे उत्तरेत बायजाबाई शिंदे यांनी योजलेल्या मोठ्या यज्ञाची वार्ता. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, म्हणून हा तिशीच्या घरातला भिक्षुक निघू पाहतो आणि घरची माणसे त्याला सहजी सोडत नाहीत. का, तर हिंदुस्थानातले लोक भांग पितात आणि तिकडच्या बायका पुरुषांना भुरळ घालतात. तरुण वाचक या ठिकाणी हसतात, आणि हसावे असेच ते आहे. पण मौज अशी की विष्णुभटांच्या वाट्याला पुढे जे आले त्यात भांगही नव्हती आणि मोहिनीही नव्हती. तिकडे बंडाचा वणवा पेटलेला होता, आणि १८५८ साली ह्यू रोजच्या फौजेने झाशीला घातलेला वेढा त्यांना आतून पाहावा लागला. घरच्यांच्या काळजीने जिथे पहारा बसवला होता, तिथून संकट आलेच नाही.

आमची लेक यंदा पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला चालली आहे. गणपती झाले की निघेल. तिथले हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. त्यामुळे गेले सहा महिने बोर्ली पंचतनातल्या आमच्या घरात भांगेची आणि मोहिनीची चर्चा अखंड चालू आहे, फक्त शब्द निराळे आहेत. सासूबाईंना तिथल्या थंडीची चिंता आहे. डिसेंबरात तिकडे दुपारी चारच्या सुमारास अंधारते हे कोणीतरी त्यांना सांगितले, तेव्हापासून त्या सूर्याविषयीच बोलतात. यजमानांना पैशांची चिंता आहे. मला जेवणाची आहे, असे मी म्हणते. आम्ही तिघेही खरे बोलतो, पण आमच्यापैकी कोणीही आपल्या खऱ्या काळजीचे नाव घेत नाही. काळजीला स्वतःची भाषा नसते. ती समोर जे शब्द दिसतील ते उसने घेते.

त्यातल्या त्यात पैशांची काळजी ही सर्वांत प्रतिष्ठित, कारण तिला आकडे असतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी-शुल्क नाही, हे ऐकून आमच्या परिचितांना ती जणू फुकटच चालली आहे असे वाटते. पण व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो ठरली. म्हणजे महिन्याला ९९२ युरो तिला त्यातून काढता येतील. रुपयांत ही रक्कम दहा लाखांच्या पुढे जाते. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि नारळी-पोफळीची वाडी ही शेतजमीन असल्यामुळे तारण म्हणून बहुधा चालत नाही. राहते घर चालते. तेव्हा आमच्या घराची कागदपत्रे सध्या बँकेत आहेत. गंमत म्हणजे कागदांवर सही केल्या रात्री यजमान शांत झोपले. ज्या काळजीवर सही करता येते तिच्याशी माणूस कसाबसा तह करतो.

वास्तविक निघून जाण्याचे आमच्या गावाला अप्रूप असायचे कारण नाही. कोकणाचा हा सगळा पट्टाच जाणाऱ्यांचा आहे. श्रीवर्धन, म्हसळा ही १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानातली ठाणी. तेव्हाही माणसे मुंबईकडे जात होती. गिरण्यांत, गोदीत, घरकामात. आमच्या कोकणी मुसलमान शेजाऱ्यांची वाट त्याहून लांबची: जहाजावर, दक्षिण आफ्रिकेत, पुढे आखातात. इथे प्रत्येक आळीत कोणाची तरी अर्धी जिंदगी 'तिकडे' गेलेली असते. आमच्या पलीकडच्या घरातल्या चाचींचे यजमान कुवेतला होते आणि आता दोन मुलगे तिकडेच आहेत. परवा अंगणात बसल्या असता त्यांनी मला एक व्यवहारी सल्ला दिला. "बाई, 'जेवलीस काय' असं कधी विचारायचं नाही. पोरं 'हो'च सांगतात. 'काय रांधलंस' असं विचारायचं. मग खरं ते कळतं." भाषेच्या अध्यापनात एवढी वर्षे घालवूनही होकारार्थी प्रश्नाची मर्यादा इतक्या नेमकेपणाने कोणी मला समजावून सांगितलेली नव्हती.

पण जाणाऱ्यांच्या या दीर्घ परंपरेत एक भेद आहे. पुरुष कमवायला गेले, बायका लग्न होऊन गेल्या. मुलीने केवळ शिकायला जाणे, आणि तेही एकटीने, याला आमच्याकडे अजून रूढ शब्द नाही. माझ्या वर्गातून दरवर्षी दोन-चार मुली अशा निघतात की त्यांनी एम.ए.ला पनवेलला किंवा मुंबईला जायलाच हवे. त्यांच्या आईवडिलांना मी आजवर सांगत आले की पाठवा, काही होणार नाही. ते मान हलवतात आणि वसतिगृहाच्या फाटकाची वेळ विचारतात. ते सांगणे मला आजही खरेच वाटते. फक्त खऱ्या उत्तराने काळजी जात नाही. तिला बसायला जागा मिळते, एवढेच. आणि माणगावच्या पुढे लेकीला कधी एकटे न सोडलेल्या बापाची काळजी पनवेलसाठी जेवढी असते, तेवढीच माझी बर्लिनपलीकडच्या गावासाठी आहे. काळजी किलोमीटरच्या हिशेबाने वाढत नाही.

बर्लिनचे नाव निघाले की मराठीच्या अध्यापकाला इरावतीबाई कर्वे आठवणारच. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला, इरावती नदीवरून नाव ठेवले गेले, आणि सात वर्षांची असतानाच वडिलांनी तिला पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवले. त्या सात वर्षांच्या मुलीच्या आईला काय वाटले असेल, हे विचारण्याची आपल्या वाङ्मयेतिहासाला फारशी सवय नाही. पुढे १९२८ साली लग्न झालेल्या इरावतीबाई डॉक्टरेटसाठी जर्मनीला जायचे म्हणाल्या, तेव्हा त्याला विरोध केला तो त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांनी. विधवांसाठी आश्रम काढलेले, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केलेले, आमच्या किनाऱ्यावर बाणकोटच्या खाडीपलीकडच्या मुरुडचे अण्णा. ते स्वतः पोरवयात परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, ही हकीकत त्यांच्या आत्मचरित्रामुळे सर्वांना ठाऊक आहे. शेवटी इरावतीबाई गेल्या. पती दिनकररावांचा पाठिंबा होता आणि जीवराज मेहता यांनी कर्जाऊ पैसे दिले होते.

या प्रसंगाकडे विसंगती म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. वर्गात विद्यार्थी ते करतातही. मला त्यात ढोंग दिसत नाही. सार्वजनिक कार्यात माणूस 'मुली' या अनेकवचनाशी वागत असतो आणि त्याच्या बळावर समाजाशी भांडतो. घरात त्याची गाठ एकवचनाशी पडते. त्या एकवचनाची झोप कशी लागते, ताप आला की ती कशी चिडते, हे त्याला माहीत असते. या माहितीने तत्त्व खोटे ठरत नाही, पण ते पाळताना हात जड होतो. १९२९ साली अण्णा स्वतः वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी युरोपला गेले आणि बर्लिनला आइन्स्टाइन यांनाही भेटले. ज्या शहरात जायला सुनेला विरोध केला ते शहर त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि सून त्या काळात तिथेच शिकत होती. त्या विरोधाचे नंतर काय झाले असेल, याची मला राहून राहून उत्सुकता वाटते. अपरिचित जागा एकदा पाहिली की तिथली भांग आणि मोहिनी निम्मी उरते, असा माझा आपला कयास.

बर्लिनमध्ये इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशविचाराला शास्त्राचे बळ पुरवणाऱ्यांत ज्यांची गणना झाली, ते. मानवी कवटीची असमानता वंशानुसार बदलते का, असा इरावतीबाईंचा विषय होता. गुरूंचा कल कोणत्या उत्तराकडे होता, हे वेगळे सांगायला नको. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा भेद दिसत नाही असे लिहिले. तेवीस-पंचवीस वर्षांची, कर्जाच्या पैशांवर आलेली, परक्या भाषेत प्रबंध लिहिणारी एक स्त्री. तिच्या घरच्यांनी काळजीपोटी जी काही संकटे कल्पिली असतील, त्यांत 'गुरूशी मतभेद होईल आणि तिला ते लिहावे लागेल' हे संकट खचितच नसेल. वरसईकरांसारखेच हे. खरी कसोटी जिथे लागली तिथे घरची कोणतीही सूचना पोचत नव्हती. पोचले असेल ते फक्त आधी घरात, शाळेत, नकळत दिलेले.

आता मी ज्याला जेवणाची काळजी म्हणते तिच्याविषयी. ती जेवणाची नाही, भाषेची आहे. लेकीचा विषय किनारपट्टीचे भूविज्ञान. प्रबंध इंग्रजीत, बाजारहाट जर्मनमध्ये. माझ्याशी ती मराठीत बोलेल, पण तिच्या कामातले जे तिला सर्वांत महत्त्वाचे वाटेल ते सांगायला माझ्या भाषेत तिच्याजवळ शब्द असतील का? 'बरी आहे, पाऊस आहे, वरणभात केला' एवढ्यावरच आमचे मराठी येऊन थांबले तर? आमच्यापासून काही किलोमीटरवर असलेल्या दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा ताम्रपट सापडला. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत तो मोडतो. हे मी तिला अनेकदा अभिमानाने सांगितले आहे. परवा पुन्हा सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, तो लिहिला तेव्हा समुद्र नेमका कुठपर्यंत होता, ते मला शोधायचंय." ताम्रपटाच्या भाषेवर तास घेताना ताम्रपटाच्या वेळच्या किनाऱ्याचा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि हा प्रश्न तिने मराठीत विचारला होता.

हा विषय तिने का घेतला, ते घरात सर्वांना माहीत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले तेव्हा ती बारावी झालेली होती. टाळेबंदीमुळे घरीच होती. काही तासांत श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या पोफळी मुळांसकट पडल्या. वीज गेली, मोबाइलचे मनोरे गेले, रस्त्यांवर झाडे. मुंबईत माझा भाऊ आणि गावातल्या शेकडो घरांचे चाकरमानी फोन लावत राहिले. इथून उत्तर नाही. त्या दिवसांत काळजी उलट वाहत होती. जे दूर होते ते जागे होते, आणि आम्ही, ज्यांच्यावर प्रसंग आला होता, ते कौले गोळा करण्यात गुंतलेले होतो. कोणीतरी माणगावच्या बाजूला जाताना आमची चिठ्ठी नेली, तिथून भावाला फोन केला. निरोप एवढाच: 'सगळे ठीक. छप्पर गेले.' भाऊ आजही म्हणतो की छप्पर गेल्याचे ऐकून त्याला हायसे वाटले, कारण नुसते 'सगळे ठीक' असते तर त्याचा विश्वास बसला नसता.

हे मला जपून ठेवावेसे वाटते. दूरच्या माणसाला धीर येतो तो सुखरूपतेच्या ग्वाहीने नव्हे, खऱ्या तपशिलाने. चाचींचा 'काय रांधलंस' आणि भावाचे 'छप्पर गेले' ही एकाच व्याकरणातली वाक्ये आहेत. म्हणून लेकीशी मी एक करार केला आहे. तिने तिच्याकडची पडझड सांगायची, आणि मीही सासूबाईंचे गुडघे, बँकेचे हप्ते, वाडीतली कीड यांपैकी काही लपवायचे नाही. तिने लगेच मान्य केले. यजमानांना मात्र हा करार पसंत नाही. पोरीला तिकडे कशाला त्रास, असे त्यांचे म्हणणे. तो वाद अजून मिटलेला नाही.

'परिपूर्ती' हा इरावतीबाईंचा लेख मी अनेकदा शिकवला आहे. अमक्याची कन्या, अमक्याची सून, अमक्याची पत्नी अशा ओळखी एका सभेत ऐकून घेतल्यावर काहीतरी उणे वाटणाऱ्या बाईला रस्त्यावरची मुले वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात आणि ओळख पुरी होते. स्त्रीची ओळख शेवटी मातृत्वावर आणून ठेवल्याबद्दल या लेखाशी भांडणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, आणि मी त्यांना भांडू देते. गेल्या आठवड्यात बोर्लीच्या बाजारात सुकट घेत होते. एकीने दुसरीला माझ्याकडे बोट करून सांगितले, "जर्मनीला चालली ना, तिची आई." लेक अजून घरात होती, माळ्यावरून बॅग काढत होती. मी सुकटीचा भाव विचारला. नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त सांगितला गेला.

वाडीत वादळानंतर लावलेल्या पोफळींना आता कुठे शिपुट दिसू लागले आहे. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, हे लावतानाच ठाऊक होते. लेकीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यानंतर काय, हे तिने सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. विष्णुभट काही वर्षांनी परतले तेव्हा कर्ज फिटेल एवढे द्रव्य त्यांच्याजवळ उरलेले नव्हते. काशीहून गंगेची कावड मात्र त्यांनी वाहून आणली होती आणि तिच्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. ती काय आणेल, आणि आणायला येईल का, हे मला सांगता येत नाही. तूर्त तिच्यासाठी कोकम, कुळथाचे पीठ आणि मेतकूट वजन करून ठेवले आहे. तेवीस किलोंत ते बसवायचे आहे.