मोजके बोलणे

पुण्यात एखादा माणूस कमी बोलू लागला, तर त्याची प्रकृती बिघडली असावी असा संशय कोणालाच येत नाही. तो पुरता पुणेकर झाला, एवढेच लोक समजतात. माझ्या थोरल्या बंधूंचे मोजके बोलणे मात्र मी नेहमी भीत भीत ऐकतो. दादांना लहानपणापासून दमा. जन्म मास्तरकीत गेला. त्यांचे वाक्य दोन उपवाक्ये आणि एक दाखला घेतल्याखेरीज थांबत नाही. ते मध्येच तुटू लागले, की मी कान टवकारतो.

दमेकरी खोटे बोलत नाही. त्याला स्वतःचे दुखणे खरोखरच कळत नाही. जिन्यात दोनदा थांबतो आणि म्हणतो, पायऱ्या उंच आहेत. म्हणून मोजायचे ते जवळच्या माणसाने. रात्री कितीदा उठणे झाले, निळा पंप कितीदा लागला, एका दमात किती शब्द निघाले. श्वासाचा जोर मोजण्याचे एक यंत्र राइट यांनी १९५९ साली इंग्लंडात पुढे आणले. त्याचे प्लॅस्टिकचे धाकटे भावंड आमच्या फळीवर असते. दादा त्याला ‘फुंकणी’ म्हणतात. चांगल्या दिवशी त्यांची फुंक ४०० वर जाते. ती निम्म्याच्या खाली आली तर घरी थांबू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

पाऊस सरताना गाजरगवत फुलते. या गवताची नोंद १९५६ साली शास्त्रीय नियतकालिकात झाली, तीही पुण्यातल्या रोपांवरून. असल्या बाबतीतही आमचे गाव मागे नाही! त्याचे पराग काहींच्या नाकाला आणि छातीला छळतात. त्यात गेल्या आश्विनात दादांनी रोजचा तपकिरी पंप सोडून दिला. “बरे वाटते, तर कशाला?” म्हणाले. खरे तर सूज आटोक्यात ठेवतो तो तपकिरी. निळा फक्त वाट मोकळी करतो. नुसत्या निळ्यावर प्रौढांनी राहू नये, असे २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनातही सांगितले आहे.

एका रात्री त्यांची घरघर भिंतीपलीकडून ऐकू येत होती. मग ती थांबली.

“डोळा लागला वाटतं,” वहिनी म्हणाल्या.

मी धावलो. घरघरीला हवेची ये-जा लागते. हवाच जाईनाशी झाली, की छाती मुकी होते. दादा गुडघ्यांवर हात रोवून बसले होते, खांदे वर-खाली होत होते. “पाणी…” म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, “…नको.” फुंकणीचा काटा १५० वर. नळी लावून निळ्या पंपाचा एकेक फवारा देत आम्ही त्यांना इस्पितळात नेले. तिथे प्राणवायू, वाफेतून औषध आणि स्टेरॉइड सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ दादांनी परिचारिकेला समजावून सांगितला. एका श्वासात तेवीस शब्द. बिचारी कंटाळली, वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

तपकिरी पंप आता दात घासायच्या ब्रशाशेजारी असतो. त्याच्यावरचा आकडा रोज वहिनी पाहतात, दादांना न विचारता.