एकच मग

फायबरच्या होड्या बनवायला लागलो तेव्हा कोबाल्ट माझ्या लेखी नुसतं जांभळं औषध होतं. कोबाल्ट ऑक्टोएट हे पूर्ण नाव डब्यावर असायचं, शेडमध्ये कुणी घेत नसे. ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणूनही हेच घालतात. आम्ही ते पॉलिएस्टर रेझिनमध्ये आधी ढवळायचो आणि काम सुरू करताना कॅटॅलिस्ट. किती घालायचं ते मी रंगावरून ठरवायचो. रेझिन गुलाबी दिसलं की पुरे.

डब्यावरचा आकडा मी वाचतच नसे. 3 टक्क्यांचा माल संपला आणि 6 टक्क्यांचा आला. हा आकडा त्यातल्या कोबाल्ट धातूचा असतो, म्हणजे तेवढ्याच मापात दुप्पट जोर. मी सवयीने तेवढंच ओतलं. एप्रिलची दुपार होती, बादलीत 5 किलो रेझिन. निम्मी फायबरची मॅट भिजते न भिजते तोच बादलीतलं रेझिन गोठलं, तापलं, धुरायला लागलं. मी पोरांवर ओरडलो, तुमचे हात चालत नाहीत म्हणून. चूक माझी होती. नंतर डबा वाचल्यावर कळली, तरी कुणाला सांगितली नाही.

पुढे वजनकाटा आणला, पण कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट दोन्हींना मापाचा मग एकच ठेवला. कॅटॅलिस्ट म्हणजे एमईकेपी, एक पेरॉक्साइड. कोबाल्ट त्याला साध्या तापमानालाही फोडतं, म्हणून तर रेझिन भट्टीशिवाय घट्ट होतं. रेझिनमध्ये दोन्ही विरळ असतात, ते सावकाश घडतं. नुसती एकमेकांत पडली तर सगळी उष्णता एकदम बाहेर येते, पेटसुद्धा घेते. माल देणाऱ्याने मला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ते पुढे कुणालाच सांगितलं नव्हतं.

एका सकाळी नव्या मुलाने कोबाल्ट मोजलं आणि तळाशी जांभळं उरलेल्या त्याच मगात कॅटॅलिस्ट ओतलं. फस्सकन उसळलं. "दादा, हात!" एवढंच तो ओरडला. त्याचा हात नळाखाली धरून उभा होतो तेव्हा माझी नजर त्याच्या उघड्या डोळ्यांकडे गेली. पेरॉक्साइड डोळ्यांत उडालं असतं तर दृष्टी जाऊ शकली असती. चष्मे मी कधी आणलेच नव्हते.

संध्याकाळी त्याच्या आईने विचारलं, "काय सांडलं ह्याच्यावर?" मी म्हणालो, केमिकल. दोन्हींना एकच मग कुणी ठेवला होता, हे सांगायला तिच्या दारात परत जायला मला चार महिने लागले.