चाफ्याची पाचवी पाकळी

दुकानाची कीर्द आणि खतावणी काकींनी सदतीस वर्षे लिहिली. काका गेले, हिशेब संगणकावर गेला आणि दुपारचे तीन तास काकींना फार लांब वाटू लागले. सामायिक होते, स्वाध्याय होता, नातवंडांची वर्दळही होती. परंतु आकडे जुळवण्याची सवय झालेल्या हातांना रिकामपण सोसवत नाही.

एके दिवशी कॉलेजात शिकणाऱ्या नातीने त्यांना मेरी डिलेनी या इंग्रज स्त्रीची हकिकत सांगितली. या बाईंचा जन्म १७०० सालचा. १७६८ मध्ये त्यांच्या पतीचे निधन झाले. पुढे १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, एका लाल कागदाचा रंग जिरेनियमच्या फुलाशी तंतोतंत जुळतो असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कात्रीने पाकळ्या कापून चिकटवल्या. त्या पाहून त्यांच्या मैत्रिणीला फूल खरेच वाटले. पुढील दहा वर्षांत काळ्या पार्श्वभूमीवर त्यांनी ९८५ फुलझाडे कागदातून उभी केली आणि नजर मंदावली तेव्हाच कात्री खाली ठेवली. आज ती चित्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. चित्रामागे झाडाचे नाव, तारीख, स्थळ आणि झाड देणाऱ्याचे नाव अशी नोंद त्या ठेवीत.

काकींना ती नोंदीची पद्धत विशेष आवडली. "बहात्तराव्या वर्षी आरंभ केला ना? मग माझ्या हाती अजून चार वर्षं आहेत," त्या म्हणाल्या.

काळा पुठ्ठा आणि लहान कात्री आली. सरस प्राण्यांच्या हाडाकातड्यांचा, म्हणून तो नको. कणकेच्या खळीत कीड लागू नये म्हणून लोक मोरचूद घालतात, तोही नको. मग रोज वाटीभर ताजी खळ शिजू लागली. पहिले आठ दिवस वाया गेले. खळ जाड लागली की कागदाला सुरकुत्या पडत; पातळ लागली की कडा उठत. हात थरथरे. हळूहळू एक युक्ती साधली: कात्री स्थिर धरायची आणि कागद फिरवायचा. खाली गडद छटेचा मोठा तुकडा, त्यावर फिकट छटेचा लहान. म्हणजे सावली आपोआप पडते. चिकटवलेले पान रात्रभर जुन्या वह्यांखाली दाबून ठेवायचे.

अंगणात पांढरा चाफा होता. त्याची फुले आपणहून गळतात, तोडावी लागत नाहीत, म्हणून काकींनी तेच निवडले. परंतु बाजारातला पांढरा कागद काळ्या पुठ्ठ्यावर निर्जीव दिसे. एका दुपारी दाबण्यासाठी काढलेली जुनी खतावणी उघडी राहिली आणि त्यावर ओट्यावरचे गळलेले फूल कोणीतरी ठेवले. काकी पाहतच राहिल्या. जीर्ण कागदाचा पिवळसर, मऊ रंग आणि पाकळीचा रंग एकच होता.

ते पान धाकट्या दिरांच्या खात्याचे निघाले. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी उधारीवर माल नेला होता. ६३,००० रुपये येणे बाकी. त्या आकड्याखाली काकांची सही होती. तेव्हापासून दोन्ही घरांचे बोलणे थांबले होते. दरवर्षी संवत्सरीला छापील क्षमापना-पत्र त्या घरी जाई. माणूस जात नसे.

काकींनी कात्री उचलली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, वसूल होणार नाहीत हे मलाही कळतं. पण बाबांच्या हातचा पुरावा आहे तो."

काकी थोडा वेळ थांबल्या. "कायद्यात उधारीची मुदत तीन वर्षांची. आपण बावीस वर्षं सांभाळली. आणखी किती सांभाळायची?"

त्यांनी काकांची सही तेवढी कापून आपल्या पोथीत ठेवली. उरलेल्या पानाच्या कोऱ्या भागातून पाच पाकळ्या काढल्या. मध्यभागाचा पिवळा रंग हळदीच्या पाण्याचा. चाफ्याची प्रत्येक पाकळी शेजारणीवर एक कड टेकून असते. म्हणूनच पाचवी बसवणे अवघड. पहिलीची कड पक्की चिकटवून टाकली असेल, तर पाचवीला तिच्याखाली जागाच उरत नाही. दोन फुले त्यामुळेच बिघडली. तिसऱ्या वेळी काकींनी पहिल्या पाकळीची एक कड मोकळी ठेवली, पाचवी अलगद तिच्याखाली सरकवली आणि मगच खळ लावली. फूल मिटले.

चित्रामागे त्यांनी सुवाच्य अक्षरात नोंद केली: पांढरा चाफा, श्रावण, अंगणातले झाड. चौथ्या ओळीत, 'कागद देणारे' यापुढे, दिरांचे नाव लिहिले.

त्या वर्षी छापील पत्राची वाट न पाहता काकी नातीला घेऊन स्वतःच गेल्या. दिरांनी चित्र पाहिले, उलटून मागची नोंद वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. कागदाची ओळख त्यांना पटली असावी. उधारीचा विषय कोणीही काढला नाही. थोड्या वेळाने त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली,

"अगं, पानं मांड. सूर्यास्ताला अजून तासभर आहे. वहिनी जेवूनच जातील."