एक रुपयाची नोंद

कोहमाऱ्यात कोणाची वाट पाहत बसणं फार सोपं आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग इथूनच जातो. एका अंगाला साकोली, दुसऱ्या अंगाला देवरी, आणि चौकातून गोरेगावमार्गे गोंदियाचा रस्ता फुटतो. नागपूरला जायचं असो की रायपूरला, आधी चौकात येऊन उभं राहावं लागतं. चहाच्या टपरीवर तासभर बसलेल्या माणसाला कोणी ‘काऊन बसला रे’ म्हणून विचारत नाही. माझ्या मागे लागलेल्या मुलाला हे पक्कं ठाऊक होतं.

मी गोंदियाला एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत यायचं. तो जवळच्याच गावचा, बाबांच्या ओळखीतल्या घरचा. एका लग्नात जुजबी बोलणं झालं, मग त्याने कुठूनतरी माझा नंबर मिळवला आणि लग्नाचं विचारलं. ‘मला इच्छा नाही, यापुढे मेसेज करू नकोस,’ असं मी लिहून कळवलं. त्या दोन वाक्यांचं मोल मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तो चौकात दिसू लागला. बस सुटली की गाडी काढायची, मुरदोलीच्या जंगलातून बसच्या मागेमागे यायचं, गोरेगावच्या स्टँडवर खिडकीखाली उभं राहायचं. बोलायचा नाही, नुसता बघायचा. संध्याकाळी लॅबच्या समोर. मी नंबर ब्लॉक केला तर नवीन नंबरवरून फोन. तेही ब्लॉक केले, तेव्हा त्याने जो रस्ता शोधला तो मला सुचलाही नसता. एका दुपारी खात्यात एक रुपया जमा झाल्याचा मेसेज आला. यूपीआय उघडून पाहिलं तर रकमेखाली ओळ होती: ‘निळी ओढणी छान दिसते.’ त्या दिवशी मी निळीच ओढणी घेतली होती.

पुढे रुपये येतच राहिले. ‘आज उशीर झाला का.’ ‘खिडकीजवळ काऊन नाही बसली.’ शिवी नाही, धमकी नाही. कोणाला दाखवावं तर समोरचा हसेल अशाच ओळी. पण रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. मी ती ओढणी पेटीत टाकली, बसमध्ये मधल्या सीटवर बसू लागले, लॅबमधल्या मैत्रिणीला स्टँडपर्यंत सोबत मागू लागले. त्याचं काहीच बदललं नव्हतं, माझंच एकेक बदलत चाललं होतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘हिंगणघाट’. विदर्भातल्या मुलीच्या बापाला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. 3 फेब्रुवारी 2020 ला सकाळी, गावाहून एसटीने हिंगणघाटला उतरून कॉलेजकडे चाललेल्या तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागे लागलेल्या माणसाने भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. 10 फेब्रुवारीला नागपूरच्या दवाखान्यात तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 ला, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. बाबांनी तो निकाल नव्हता लक्षात ठेवला, ती सकाळ लक्षात ठेवली होती. ‘उद्यापासून जाऊ नको बेटा,’ एवढंच म्हणाले. मोठी आई म्हणाली, ‘स्थळ पाहून उरकून टाका.’

दोघांच्याही मनात माझी काळजीच होती. पण काळजीचा सगळा हिशेब माझ्याच नावावर चढत होता: माझी नोकरी बंद, माझं लग्न घाईत. त्याच्या चौकात बसण्याबद्दल कोणीच काही ठरवलं नव्हतं.

मग गावच्या रीतीने चार वडीलधारे बसले. आपल्याकडे 2007 पासून तंटामुक्तीची मोहीम आहे, तिने बांधाचे आणि भावकीचे कितीतरी वाद कोर्टाच्या पायरीवरून परत आणले. माझंही प्रकरण त्याच चटईवर आलं. त्याने हात जोडले, ‘चुकलं’ म्हणाला, सगळ्यांनी चहा घेतला. ‘पोरगं वाया जाईल, समज दिली आहे, आता विषय संपला,’ असं ठरलं. रोवणीचे दिवस होते, सगळ्यांना बांधीवर परतायची घाई होती. मला कोणी काही विचारलं नाही. थोडेच दिवस शांततेत गेले आणि पुन्हा एक रुपया आला: ‘माफी मागितली ना, आता तरी बोल.’

मला वाट दाखवली ती आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी. त्या रागावल्या नाहीत की त्यांनी धीरही दिला नाही. ‘181 लाव,’ म्हणाल्या, आणि समोर बसून राहिल्या. त्या महिला हेल्पलाइनवरून मला गोंदियाच्या सखी वन स्टॉप सेंटरचं नाव मिळालं. एकाच जागी समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत, दवाखाना, गरज पडली तर काही दिवसांचा निवारा, अशी ही केंद्र सरकारची योजना 2015 पासून आहे. तिथल्या मॅडमनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं, मग एक वही आणायला सांगितली.

वहीत तारीख, वेळ, जागा, काय झालं आणि कोणी पाहिलं, असे रकाने पाडले. स्क्रीनशॉट काढले, पण मूळ मेसेज आणि व्यवहार पुसले नाहीत. प्रत्येक रुपयाच्या नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव, वेळ आणि व्यवहार क्रमांक असतो. नंबर बदलणारा मुलगा बँक खातं बदलू शकला नव्हता. ज्याला सगळे ‘एक रुपयाच तर आहे’ म्हणत होते, तोच रुपया त्याच्या विरोधात सगळ्यात भक्कम निघाला.

विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलबाई मिळाल्या. 1987 च्या कायद्याप्रमाणे महिलेला ही मदत फुकट मिळते, उत्पन्नाची अट नाही. 15100 हा प्राधिकरणाचा क्रमांक. वकीलबाईंनी मला कायदा बोटावर मोजून सांगितला. 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर 2013 मध्ये भारतीय दंड विधानात 354-ड कलम आलं, तेव्हा पहिल्यांदा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. 1 जुलै 2024 पासून तोच भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. स्त्रीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही पुन्हापुन्हा तिच्या मागे जाऊन संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, आणि तिच्या इंटरनेट, ईमेल वा मोबाइल वापरावर पाळत ठेवणं, दोन्ही त्यात येतं. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत.

‘यात दोन गोष्टी जपायच्या,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘तू नको म्हटलंस त्याचा पुरावा, आणि हे पुन्हापुन्हा झालं त्याचा पुरावा.’ उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर 2024 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं आहे की, एकदाच मागे गेल्याने हा गुन्हा ठरत नाही, ते वारंवार किंवा सतत झाल्याचं दिसावं लागतं. तेव्हा मला वहीचं कारण कळलं. गाव एकेक घटना सुटी धरून ‘यात काय एवढं’ म्हणतं. कायदा त्याच घटना एकाखाली एक मांडून बेरीज मागतो. ती बेरीज आपल्याशिवाय कोणी मांडून ठेवत नाही.

तक्रार द्यायला बाबा सोबत आले. या कलमात महिलेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी लागते, तशीच घेतली गेली. आपलं ठाणं लांब असेल तर कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, तो पुढे हद्दीत पाठवतात. ठाण्याने दाद दिली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. बाबांनी ती दोनदा वाचली आणि घडी करून सातबाराच्या पिशवीत ठेवली.

त्याला जामीन मिळाला तेव्हा घरात धसका बसला. ‘सुटला? मग काय उपयोग?’ पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे, हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं, तरी ऐकताना कडू वाटलंच. पण सुटणं म्हणजे संपणं नव्हे. प्रतिबंधक कारवाईत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर त्याच्याकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घेतलं गेलं. पुन्हा मागे आला, दुसऱ्याच्या तोंडून निरोप धाडला, तरी वहीत लिहायचं आणि ठाण्यात कळवायचं. समोर आला तर 112.

एका सकाळी त्याची माय आमच्या ओसरीवर येऊन बसली. पदर डोळ्याला लावून म्हणाली, ‘बाई, त्याची नोकरी जाईल, वापस घे.’ मला तिची दया आली, आजही येते. माझ्या मायने तिला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, ‘आमच्या पोरीची नोकरी जात होती तेव्हा तुम्ही कुठं होत्या?’ हा गुन्हा आपसात मिटवता येण्यासारखा नाही, हे त्या दिवशी माझ्या फार कामी आलं. मला निर्दय व्हावं लागलं नाही. आता माझ्या हातात नाही, एवढंच सांगितलं, आणि ते खरंही होतं.

खटला उभा आहे, तारखा पडतात. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण चौकात बसणं थांबलं, रुपये थांबले. बसचे वाहक काका आता आपणहून विचारतात, ‘सब ठीक?’ साक्षीदार म्हणून नाव द्यायला तेही तयार झाले. त्यांनी सगळं पाहिलं होतं, फक्त कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

त्याच चौकात शाळेच्या मुली मानव विकासच्या निळ्या बसमधून उतरतात. गावाहून शाळा लांब म्हणून मुलींचं शिक्षण सुटू नये, यासाठीच ही फुकट बस आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीचा लैंगिक हेतूने असा पाठलाग झाला तर पॉक्सो कायदा लागतो. तिथेही तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि माहिती असलेल्या मोठ्या माणसाने ती पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा ठरतो. म्हणजे तिथे चटई टाकून बसण्याची सोयच कायद्याने ठेवलेली नाही. मुलांसाठी 1098, फोटो किंवा खोटं खातं वापरून छळ होत असेल तर cybercrime.gov.in वर तक्रार.

मागच्या महिन्यात बाबांचे एक स्नेही घरी आले. त्यांच्या बारावीतल्या पोरीमागे कोणी लागलं होतं आणि तिची शाळा सोडवावी का, हे त्यांना विचारायचं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, ‘पोरीची बस बंद नको करू गड्या, पोराचं नाव लिहून दे.’ मग मला वही दाखवायला सांगितली, रकाने कसे पाडायचे ते.