गरिबांची शाळा, ओसाड मतदारसंघ

मतदानाच्या दिवशी अम्मी फजरनंतर लगेच निघते. ‘एका मतानं काय होतं?’ असं मी एकदा म्हणालो, तर केवढी चिडली होती! इंग्लंडचा इतिहास वाचताना तिचा तो राग आठवला.

राजा सहावा हेन्री यानं १४४० साली ईटन शाळा काढली, तीत ७० गरीब मुलांना फुकट शिकवायचं होतं. पुढं ती उमरावांची झाली. तिथं शिकलेला विल्यम पिट १७३५ मध्ये ओल्ड सेरमचा खासदार झाला. ते गाव केव्हाच ओस पडलेलं. मतदार मूठभर, तरी खासदार दोन! हिंदुस्थानच्या व्यापारात गब्बर झालेले त्याचे आजोबा थॉमस पिट यांनी ती जहागीरच विकत घेतली होती. मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला मात्र स्वतःचा एकही खासदार नव्हता.

१८३२ च्या सुधारणा कायद्यानं हा मतदारसंघ रद्द झाला. तो कायदा करणारे पंतप्रधान अर्ल ग्रे हेही ईटनचेच विद्यार्थी. तरीही बहुतेक मजुरांना आणि एकाही बाईला मत मिळालं नाही.

हे सारं अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, “मग आधी यादीत आपली नावं आहेत का, ते बघून ये.”