पुढचा गिअर

यंत्रातील दोष जेथे दिसतो तेथेच मनुष्याचा हात प्रथम जातो. दोष दिसतो एका ठिकाणी आणि वसतो दुसऱ्याच ठिकाणी, याचे जुन्या माउंटन बाइकच्या पुढच्या गिअरइतके बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आमच्या धाकट्या बंधूने १९९७ साली अठरा गिअरची अशी एक सायकल घेतली होती. २०१६ मध्ये तो गेला आणि ती जिन्याखाली उभी राहिली. परवा त्याची मुलगी म्हणाली, "काका, बाबांचीच सायकल घेऊन मला बोपदेव घाट चढायचा आहे." कोंढव्याकडून सासवडला नेणारा हा घाट पुण्याच्या सायकलस्वारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु सायकलीची चेन पुढच्या मोठ्या चक्रावरून खाली उतरण्यास तयार नव्हती. दुकानात डिरेलरचे दोन स्क्रू फिरवून पाहण्यात आले आणि निर्णय मिळाला : "हँडलवरच्या खटक्यासकट सगळे बदला, नाहीतर नवी घ्या."

या निर्णयामागे कारणही आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील टॅमल्पाइस डोंगराच्या उतारांवर जन्मलेल्या या सायकलीला पुढे तीन चक्रे असणे हा दीर्घकाळ शिरस्ताच होता. २०१२ साली 'स्रॅम' कंपनीने पुढे एकच चक्र असलेला संच आणला आणि हळूहळू चांगल्या माउंटन बाइकवरून पुढचा गिअर नाहीसा होत गेला. त्याची नाडी ओळखणारे हातही त्यामुळे विरळ झाले.

वास्तविक त्याची घडण साधी आहे. आमच्या सायकलीच्या चक्रांना २४, ३४ आणि ४२ दाते आहेत. चेनला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा डिरेलरचा पिंजरा तिला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो. मोठ्या चक्राकडे त्याला वायर ओढते, लहानाकडे स्प्रिंग परत आणते. वायर सैल झाली तर चेन वर चढत नाही. वायर अडकली तर खाली उतरत नाही. मागचे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे. पुढे २४ चे चक्र असता पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक पुरता एक फेराही फिरत नाही; ४२ चे असता दीड फेरा फिरते. म्हणजे त्याच चढाला पावणेदोन पट जोर! लहान चक्र मिळाले नाही तर घाट चढणे मुलीच्या पायांना पेलणारे नव्हते.

आम्ही स्क्रूंना हात लावला नाही. ते केवळ पिंजऱ्याची सीमा ठरवितात. एके काळी गिअर नीट बदलत होता आणि मध्यंतरी स्क्रूंना कोणी हात लावला नव्हता, तर मूळ दोष त्यांचा कसा असेल? काळाने झिजते ती वायर, गंजते ती तिची नळी, आणि सुकते ते ग्रीस.

प्रथम आम्ही डिरेलरवरून वायर सोडविली. पिंजरा हाताने बाहेर ढकलून सोडताच स्प्रिंगने तो झटकन मागे घेतला. डिरेलर निर्दोष ठरला! वायर मात्र नळीत गंजून बसली होती, आणि पायडलच्या आसाखाली ती ज्या प्लॅस्टिकच्या खोबणीतून वळते तेथे जुना चिखल दगडासारखा झाला होता. खोबणी स्वच्छ करून वायर व नळी नवी घातली. येथे ब्रेकची नळी चालत नाही. ती दाबाखाली आखडते आणि ओढ वाया जाते. नळी गिअरचीच हवी.

तरीही खटका दाबला असता पोकळच फिरे. अशा खटक्यात बारीक खिट्ट्या असतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेले ग्रीस गोंदासारखे घट्ट होऊन त्यांना धरून ठेवते. खटका उघडून सुटा केल्यास पुन्हा जुळविणे महाकठीण. म्हणून वरचे झाकण तेवढे काढून, आत ग्रीस विरघळविणारा फवारा मारीत आम्ही तो पुनःपुन्हा दाबीत राहिलो. काळे पाणी गळू लागले. बऱ्याच वेळाने पहिली 'टक' ऐकू आली. मग पातळ तेलाचे थेंब सोडले.

शेवटी पिंजरा तपासला. त्याची बाहेरची पट्टी मोठ्या चक्राच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर आणि चक्राला समांतर असावी. चेन लहान चक्रावर आणि खटका अगदी खालच्या टप्प्यावर ठेवून वायर ताणून आवळली. मग कोठे स्क्रूंची पाळी आली. दुकानात ते फिरविले गेले होते, तेव्हा आतली व बाहेरची सीमा पुन्हा बांधून दिली. चेन आणि पट्टी यांत दोन्ही टोकांना जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर राहिले.

नवा खटका सहज मिळाला असता. परंतु या खटक्याची कड बंधूच्या अंगठ्याने गुळगुळीत झाली आहे, आणि आता तेथेच त्याच्या लेकीचा अंगठा टेकतो. गेल्या रविवारी ती घाट चढून आली. घरी येताच तिने आम्हांला एवढेच विचारले, "काका, ही वायर पुन्हा केव्हा बदलायची, ते मला शिकवाल ना?"