मोगलाईंतील आगगाडीची अखेर

मनमाडास गाडी बदलणें म्हणजे काय, हें ज्यांनीं सोसलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको. मुंबईची गाडी येथें साडेपांच फुटी रुंद रुळांवरून येई. परभणी-नांदेडकडील गाडी पलीकडे उभी असे, ती मीटरभर अंतराच्या अरुंद रुळांवर. एकीचा डबा दुसरीच्या वाटेवर चढणें शक्यच नव्हतें. वळकट्या, ट्रंका, फिरकीचे तांबे, लोणच्याच्या बरण्या आणि अर्धवट झोंपेंतून उठविलेलीं मुलें, सारें हमालाच्या डोक्यावर नाहीं तर बायांच्या कडेवर घेऊन फलाट बदलावा लागे. निजामाच्या मुलखास आपल्याकडे सरसहा मोगलाई म्हणत. मोगलाईंत मुलगी दिलेल्या घरांतील वडील माणसें अंतर मैलांत मोजीत नसत. "मनमाडास गाडी बदलावी लागते," एवढ्यावरून परभणी किती दूर आहे तें त्यांस कळे.

ही अरुंद वाट १९०० च्या सुमारास खुली झाली. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत तिची लांबी सुमारें ३९० मैल, आणि तिचें मूळ नांव हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वे. चालविणारी कंपनी विलायतेची. भागीदारांच्या व्याजाची हमी मात्र हैदराबादच्या खजिन्याची. अशा हमीचा बोजा शेवटीं रयतेवर पडतो, हें त्या काळींही कांहीं लोकांनीं ओळखलें होतें. १८८३ सालीं चांदा रेल्वेची योजना पुढें आली, तेव्हां सरोजिनी नायडूंचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनीं तीस उघड विरोध केला आणि त्यापायीं त्यांस हैदराबाद सोडावें लागलें. पुढें १ एप्रिल १९३० रोजीं निजाम सरकारनें ही सारी रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. तेव्हांपासून ती खऱ्या अर्थानें निजामाची झाली.

परभणी जिल्ह्यांतून ही वाट जाते ती काळ्या जमिनीच्या मधोमध. सेलू, मानवत रोड, परभणी, मिरखेल, पूर्णा अशीं स्थानकें ओळीनें लागतात. मानवत गांव रुळांपासून दूर, म्हणून स्थानकाच्या नांवापुढें 'रोड'. पण पेठ कापसाची, आणि मालाला वाट हवी ती हीच. कापसाच्या गांठी येथें डब्यांत भरावयाच्या, मनमाडास उतरावयाच्या आणि मुंबईच्या डब्यांत पुन्हां भरावयाच्या. हमाली दोन वेळां. परभणीहून एक फांटा दक्षिणेस फुटतो, तो पोखर्णीवरून गोदावरी ओलांडून जनाबाईंच्या गंगाखेडास व पुढें परळी वैजनाथास जातो. दुसरा फांटा पूर्णेहून उत्तरेस हिंगोलीकडे. औंढा नागनाथाचे यात्रेकरू याच फांट्यानें जात. दोन ज्योतिर्लिंगें दोन फांट्यांच्या आधारें जोडलीं गेलीं, हा योगायोगच; रूळ टाकणाऱ्यांच्या मनांत पुण्य नव्हतें, कापूस होता.

पूर्णा गांवाविषयीं मात्र थोडें अधिक सांगितलें पाहिजे. पूर्णा नदी गोदावरीस मिळते त्या परिसरांतलें हें गांव रेल्वेनेंच मोठें केलें. फांटा फुटण्याचें ठिकाण, त्यामुळें इंजिनांस कोळसा-पाणी, चालक व गार्ड यांचा मुक्काम, रेल्वेच्या चाळी, हें सारें तेथें आलें. जिल्ह्यांतील इतर गांवें पावसावर जगत. पूर्णेंत मात्र महिन्याच्या पगारावर जगणारीं घरें वाढलीं. रेल्वेचा धनी बदलणें म्हणजे इतरांस वर्तमानपत्रांतील बातमी. पूर्णेकरांस ती चुलीपर्यंत पोहोंचणारी गोष्ट.

धनी बदलावा अशी इच्छा जिल्ह्यांत पुष्कळ दिवसांची. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं झालें. परतूर तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें, आणि याच रेल्वेवरचें स्थानक. मुक्तिलढ्याच्या काळांत मनमाड हें हद्दीबाहेरील कार्यकर्त्यांचें एक ठाणें बनलें. रझाकारांच्या भयानें घरदार सोडून निघालेलीं कुटुंबें हद्दीपलीकडे आश्रय घेत होतीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली.

येथून पुढचा काळ आम्हांस विशेष मनोवेधक वाटतो, कारण त्याकडे कोणी फारसें पाहिलेलें नाहीं. निजामाची सत्ता गेली, पण निजामाची रेल्वे लगेच गेली नाहीं. १ एप्रिल १९५० रोजीं ती मध्यवर्ती सरकारकडे आली. तरी वेगळी रेल्वे म्हणून तिचें नांव ५ नोव्हेंबर १९५१ पर्यंत टिकलें. हे एकोणीस महिने म्हणजे तिचे शेवटचे दिवस. संस्थान प्रजासत्ताकांत सामील झालें होतें, राजप्रमुख म्हणून निजाम अजून होते, आणि बाजारांत हाली शिक्का अजून चालू होता. सुमारें सात हाली रुपये म्हणजे सहा कळदार, हा हिशेब मोगलाईंतील सुनेला माहेरीं जातांना तोंडपाठ असावा लागे. हद्दीवरच्या करोडगिरीचा जाच तर लग्नसराईंत विशेष जाणवे. बस्त्याची गांठोडीं सोडून दाखविण्याचा प्रसंग कोणत्या वऱ्हाडास आवडेल?

या रेल्वेची आणखी एक गंमत होती. नुसत्या आगगाड्याच नव्हे, तर मोटारीही तिच्याच. १९३२ च्या जूनमध्यें सत्तावीस बसगाड्यांनिशीं तिनें रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. त्या गाड्यांच्या क्रमांकांतील 'झेड' हें अक्षर निजामाच्या मातोश्री जोहरा बेगम यांच्या नांवावरून आलें असें सांगतात. तेलंगण-आंध्रांतील सरकारी बसगाड्यांवर तें आजही दिसतें. १ नोव्हेंबर १९५१ रोजीं हा मोटारविभाग हैदराबाद राज्य सरकारकडे गेला, आणि चारच दिवसांनीं रेल्वे मध्य रेल्वेंत विलीन झाली. एका आठवड्याच्या आंत एका घराचे असे दोन वांटे झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, शिंदे सरकारची ग्वाल्हेरची रेल्वे, धोलपूरची रेल्वे आणि निजामाची रेल्वे या चौघींची मिळून ती मध्य रेल्वे. मुख्य कचेरी मुंबईस.

परभणीकरांस यांत आनंद वाटला असल्यास नवल नाहीं. मुंबई म्हणजे आपली, सिकंदराबाद म्हणजे जुन्या सत्तेची; कारभार आतां मराठी मुलखाच्या तोंडाशीं आला. पण आमच्या मतें या विलीनीकरणानें बदललें तें नांव, आणि डब्यांवरील अक्षरें. मनमाडचा फलाट जसाच्या तसा राहिला. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. तरी मुंबईहून परभणीस जाणारा माणूस मनमाडास वळकटी खांद्यावर घेऊन उतरतच होता. राज्यें जोडण्यास एक कायदा पुरतो. रूळ जोडावयाचे तर जमीन, खडी, लोखंड आणि मुख्य म्हणजे कोणाची तरी निकड लागते, आणि मराठवाड्याची निकड दिल्लीस ऐकूं जाण्यास चाळीस वर्षें लागलीं. मनमाड-औरंगाबाद वाट १९९२ सालीं रुंद झाली. त्यापुढें कांहीं वर्षांत ते रूळ परभणी-पूर्णेपर्यंत पोहोंचले. आज मुंबईस डब्यांत बसलेला प्रवासी परभणीस त्याच डब्यांतून उतरतो. पूर्णेहून हिंगोलीवरून अकोल्याकडे जाणारी वाट तर रुंद होण्यास २००८ साल उजाडलें.

आणि मुंबईची ती मुख्य कचेरीही फार दिवस लाभली नाहीं. २ ऑक्टोबर १९६६ रोजीं दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तिचें ठाणें सिकंदराबाद, आणि मराठवाड्याचे रूळ पुन्हां तिकडे गेले. पंधरा वर्षांत फिरून तेथेंच! २००३ सालीं नांदेडास विभागीय कचेरी झाली, ही सोय मोठीच. पण ती विभागाची कचेरी, मुख्य नव्हे. मनमाड स्थानक मध्य रेल्वेचें, आणि तेथून परभणीकडे निघालेली वाट दक्षिण मध्य रेल्वेची. निजामाच्या आगगाडीची वाट सुरू होई, ती याच स्थानकापासून.